घर विकणाऱ्याचा हिशेब

लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांतून गेल्या चार दशकांत कामगारांची हजारो बिऱ्हाडे हलली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांच्या हातचे काम गेले, त्यांच्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे राहती खोली. काहींनी ती विकून कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे जागा घेतली. काहींनी कर्ज फेडले, मुलींची लग्ने उरकली आणि ते कोकणात वा घाटावर आपल्या गावी परतले. आज त्यांची मुले तीच वाट चालत आहेत. खोलीचा व्यवहार ठरतो, कागद होतात, पैसे हाती येतात आणि सर्वांना वाटते की प्रकरण संपले. वस्तुतः ते संपलेले नसते. त्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र भरावयाचे असते आणि विकलेल्या घराचा हिशेब त्यात मांडावयाचा असतो. हा हिशेब मध्यमवर्गीयांचा आणि हिशेबनिसांचा विषय आहे, अशी समजूत चळवळीत रूढ आहे. ती चुकीची आहे. विवरणपत्राच्या त्या एका तक्त्यात या देशाच्या करनीतीचा वर्गीय चेहरा जितका स्पष्ट दिसतो, तितका तो क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

प्रथम तत्त्वाचा प्रश्न. घर विकून झालेल्या नफ्यावर कर असावा काय? समाजवादी विचाराचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही. रस्ता, रेल्वे, पाणी, वीज, शाळा आणि इस्पितळे समाज उभारतो. हजारो माणसे त्या परिसरात श्रम करतात आणि मग तेथील चौरस फुटाला भाव येतो. समाजाने निर्माण केलेल्या या वाढीतील काही हिस्सा समाजाकडे परत यावा, ही मागणी न्याय्यच आहे. भारतात भांडवली नफ्यावरील कर प्रथम १९४७ साली लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकातून आला. धनिकांच्या ओरडीपुढे तो टिकला नाही आणि १९४९ साली उठवला गेला. पुढे निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली भारतीय करव्यवस्थेची पाहणी करून संपत्ती कर, भांडवली नफ्यावरील कर, देणगी कर आणि व्यय कर अशी चौकडी सुचवली. त्या वर्षीच टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री असताना भांडवली नफ्यावरील कर पुन्हा लागू झाला.

या चौकडीचे पुढे काय झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्यय कर १९६६ साली कायमचा गेला. देणगी कर १९९८ साली उठला. संपत्ती कर २०१५ साली रद्द झाला. वारसाने मिळणाऱ्या मालमत्तेवर १९५३ पासून असलेला मृत्यू कर तर १९८५ सालीच गेला होता. म्हणजे आज कोट्यवधींचा बंगला बाळगल्याबद्दल संपत्ती कर नाही आणि तो वारसाने मिळाल्याबद्दलही कर नाही. मालमत्तेची वाढ केंद्र सरकारच्या प्रत्यक्ष करांच्या कक्षेत प्रामुख्याने येते ती विक्रीच्या वेळी. धनिकाला विक्री करण्याची निकड नसते. निकड असते ती ज्याचे उत्पन्न थांबले आहे, त्याला. विक्रीच्या वेळी तरी हा कर समान न्यायाने आकारला जातो काय, हा खरा प्रश्न आहे.

चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीत असलेले घर विकून झालेला नफा दीर्घकालीन मानला जातो. राहत्या घराच्या अशा नफ्यातून दुसरे घर घेतले तर त्या प्रमाणात करातून सूट मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५४ ते हेच. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत विकत घ्यावे लागते, अथवा तीन वर्षांच्या आत बांधावे लागते. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. त्यात कलमांचे आकडे बदलले, परंतु या रचनेचा गाभा तोच राहिला. वरकरणी ही तरतूद उदार आहे. एक घर सोडून दुसऱ्या घरात जाणाऱ्याकडून कर का घ्यावा, हा विचार योग्यच आहे.

पण ही सूट कोणाच्या पदरात पडते ते पाहावे. २०२३ च्या वित्त कायद्यापर्यंत तिला रकमेची मर्यादाच नव्हती. मलबार हिलवरचा बंगला विकून तितक्याच किमतीचा दुसरा घेणाऱ्याला एक पैसाही कर पडत नव्हता. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून मर्यादा घालण्यात आली, ती दहा कोटी रुपयांची. एवढ्या नफ्यावरील कर माफ करणाऱ्या राज्यकर्त्यांना मर्यादा घातल्याचे श्रेय देणे जड जाते. दुसरीकडे, नोकरी गेली, आजारपण आले, सावकाराचा तगादा लागला किंवा चार भावंडांत वाटणी करावी लागली म्हणून जो घर विकतो, तो दुसरे घर घेऊच शकत नाही. विक्रीचे पैसे त्याच दिवशी वाटेला लागलेले असतात. त्याला ही सूट नाही. पन्नास लाखांपर्यंतचा नफा ठराविक सरकारी रोख्यांत गुंतवूनही कर वाचवता येतो, परंतु तेथे पैसा पाच वर्षे अडकतो. इस्पितळाचे बिल पाच वर्षे थांबत नाही. तात्पर्य, ऐश्वर्य वाढले म्हणून घर बदलणाऱ्याला कायदा सवलत देतो आणि दारिद्र्यामुळे घर गमावणाऱ्याकडून कर मागतो.

हा कर मागतानाही समान मापाने मागितला जात नाही. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत वेतन असलेल्याला सवलतीमुळे शून्य कर पडतो. ही सवलत भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मिळत नाही. एखाद्या विधवेला अन्य काहीच उत्पन्न नसेल आणि घर विकून तिला दहा लाखांचा दीर्घकालीन नफा झाला असेल, तर चार लाखांची मूळ मर्यादा वजा जाऊन उरलेल्या सहा लाखांवर साडेबारा टक्क्यांनी पंचाहत्तर हजार रुपये कर आणि वर उपकर भरावा लागतो. वेतनदाराला ते उत्पन्न दर वर्षी मिळते. तिच्या हाती ते आयुष्यात एकदाच येते.

यात २०२४ च्या अंदाजपत्रकाने आणखी एक भर घातली. तोपर्यंत जुन्या खरेदीची किंमत महागाई निर्देशांकानुसार वाढवून धरली जाई आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर लागे. २३ जुलै २०२४ पासून महागाईची ही वजावट काढून घेण्यात आली आणि दर साडेबारा टक्के करण्यात आला. देशभर टीका झाल्यावर सरकारने एक पाऊल मागे घेतले. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी आणि इमारती यांच्यापुरता निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या वा नव्या पद्धतीने येणारा कमी कर भरण्याचा पर्याय देण्यात आला.

दर कमी झाला म्हणजे कर कमी झाला, असा प्रचार तेव्हा झाला. तो किती फसवा आहे ते साध्या गणिताने कळते. एकाने २००४-०५ साली दहा लाखांना घर घेतले आणि २०२५-२६ साली चाळीस लाखांना विकले. निर्देशांक ११३ वरून ३७६ वर गेला असल्याने जुन्या पद्धतीने त्याची खरेदी सुमारे ३३ लाख २७ हजार धरली जाते, नफा ६ लाख ७३ हजार ठरतो आणि कर सुमारे १ लाख ३५ हजार होतो. नव्या पद्धतीने नफा तीस लाख आणि कर पावणेचार लाख होतो. आता दुसरा गृहस्थ घ्यावा. त्यानेही त्याच वर्षी दहा लाखांनाच घर घेतले, परंतु भाव भडकलेल्या भागात, आणि ते दीड कोटीला विकले. जुन्या पद्धतीने त्याचा कर सुमारे २३ लाख ३५ हजार होतो आणि नव्या पद्धतीने साडेसतरा लाख. म्हणजे ज्याच्या घराची किंमत महागाईबरोबर कशीबशी चालली, त्याचा बोजा नव्या पद्धतीने जवळजवळ तिपटीने वाढतो आणि ज्याची किंमत महागाईला मागे टाकून धावली, त्याचा सुमारे सहा लाखांनी उतरतो. पहिल्याला आज पर्यायाचा आधार आहे. पण २३ जुलै २०२४ नंतर बदलापूर वा नालासोपाऱ्यात कर्ज काढून घर घेणाऱ्या तरुण कामगाराला तो नाही. पंधरा-वीस वर्षांनी तो घर विकेल तेव्हा निव्वळ महागाईने फुगलेल्या आकड्यावर कर भरेल.

सर्वांत कठीण अवस्था पागडीच्या खोलीतील भाडेकरूची आहे. गिरणगावातील बहुसंख्य कामगार घरमालक नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता. तरीही पागडी सर्रास घेतली जाई आणि साहजिकच तिची पावती कोणी देत नसे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अशी रक्कम घेण्यास मुभा दिली. आज भाडेकरू खोलीचा हक्क दुसऱ्याला देतो तेव्हा त्या रकमेतील आपला वाटा घरमालक आधी उचलतो आणि उरलेली रक्कम भाडेकरूच्या हाती येते. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूचा हा हक्क भांडवली मालमत्ता आहे. तो मोल देऊन घेतला असेल तर ते मोल खरेदी किंमत म्हणून वजा होते, अन्यथा ती किंमत शून्य. बापाने वा आज्याने साठ वर्षांपूर्वी मोजलेल्या पागडीचा कागद नातवाने कोठून आणावा? तेव्हा पावती देणे हा कबुलीजबाब ठरला असता आणि आज पावती नसणे हा दोष ठरतो.

येथे विषमता उघडी पडते. २००१ पूर्वी घर घेतलेल्या मालकाला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभा आहे. भाडेकरूच्या हक्काला ती नाही. महागाई निर्देशांकाचा पर्याय जमीन आणि इमारत यांच्यापुरताच असल्याने तोही नाही. वरच्या उदाहरणातील मालकाच्या हाती चाळीस लाख आले आणि त्याचा कर १ लाख ३५ हजारांवर थांबला. चाळीतील भाडेकरूच्या हाती तेवढेच चाळीस लाख आले आणि पागडीचा पुरावा नसला, तर सबंध रक्कम नफा ठरते. इतर उत्पन्नाने मूळ मर्यादा भरली असल्यास साडेबारा टक्क्यांनी पाच लाख कर होतो. राहते घर विकणाऱ्या मालकाला सुटीसाठी केवळ नफ्याएवढी रक्कम नव्या घरात घालावी लागते. भाडेकरूला कलम ५४ एफ चा आधार घ्यावा लागतो आणि पूर्ण सुटीसाठी हाती आलेली सर्व रक्कम घरात घालावी लागते. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन माणसांत कायदा असा भेद करतो आणि तो भेद मालकीच्या बाजूने करतो.

एवढा अन्याय असेल तर व्यवहार लपवावा, किंवा निदान अर्धी रक्कम रोखीने घ्यावी, असा सल्ला चाळीच्या कट्ट्यापासून दलालाच्या कचेरीपर्यंत सर्वत्र दिला जातो. हा सल्ला अनैतिक तर आहेच, शिवाय सामान्य विक्रेत्याच्या हिताच्याही विरुद्ध आहे. रोख रक्कम देण्याची घाई सहसा विकणाऱ्याला नसते, घेणाऱ्याला असते. त्याच्याकडील बेहिशेबी पैसा कोठे तरी जिरवायचा असतो. विक्रेत्याने सबंध रक्कम कागदावर घेऊन नवे घर घेतले तर त्याला बहुधा करच पडत नाही. पण निम्मी रक्कम रोखीत घेतली तर ती बँकेत भरता येत नाही आणि नव्या घराच्या खरेदीतही दाखवता येत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून बंदी आहे आणि दंड रोख रकमेइतकाच असून तो घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर बसतो. कागदावरची किंमत मुद्रांक शुल्काच्या सरकारी मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी दाखवली, तर कर आकारताना सरकारी मूल्यच विक्री किंमत धरले जाते. धनाढ्याचा काळा पैसा लपवण्यासाठी गरिबाने आपली मान पुढे करावी, असा हा व्यवहार आहे.

काळ्या पैशाचे आणि घरांचे हे नाते जुने आहे. वांछू समितीने १९७१ च्या अहवालात त्यावर बोट ठेवले होते. १९७२ साली कमी किमतीत दाखवलेल्या मालमत्ता सरकारने ताब्यात घेण्याची तरतूद झाली. १९८६ साली तिच्या जागी सरकारने स्वतःच ती मालमत्ता जाहीर किमतीत विकत घेण्याचा अधिकार आला. किंमत कमी दाखवाल तर त्याच किमतीला सरकार घेईल, हा धाक साधा आणि परिणामकारक होता. २००२ साली तोही मागे घेण्यात आला. उदारीकरणाच्या राज्यात बड्यांवरचे अंकुश असे एकेक करून गळून पडले. लहान माणसावरची पाळत मात्र यंत्रांच्या साहाय्याने वाढत गेली.

ही पाळत समजून घेणे कार्यकर्त्यांना आवश्यक आहे. तीस लाख वा त्याहून अधिक रकमेच्या नोंदणीची माहिती दुय्यम निबंधकाकडून प्राप्तिकर खात्याला जाते. पन्नास लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅन क्रमांकावर भरतो. म्हणजे विक्रेत्याने काही सांगितले नाही तरी खात्याला बरेच कळलेले असते. नवे घर घेतले, कर पडत नाही, मग कळवायचे कशाला, ही समजूत सर्वाधिक घातक ठरते. सूट आपोआप मिळत नाही. ती विवरणपत्रात मागावी लागते आणि सूट धरण्यापूर्वीचे उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा अधिक असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. त्यासाठी वेतनदारांचा ‘सहज’ हा सोपा नमुना चालत नाही, भांडवली नफ्याचा तक्ता असलेला नमुना लागतो. नवे घर घेण्यास अवकाश असेल तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी पैसे बँकेतील भांडवली लाभ खाते योजनेत ठेवावे लागतात. ही योजना १९८८ पासून आहे, परंतु ज्यांना तिची गरज, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानी ती गेली आहे. वारसाने आलेल्या घरातील प्रत्येक भावंडाने आपापल्या हिश्शाचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावयाचा असतो. बापाचे घर फुकट मिळाले म्हणून त्याची खरेदी किंमत शून्य ठरत नाही, बापाने मोजलेली किंमत धरता येते. हे माहीत नसल्याने कित्येकांना कराहून अधिक कर द्यावा लागतो. उत्पन्न दडवल्याचे ठरले तर दंड कराच्या पन्नास टक्क्यांपासून दोनशे टक्क्यांपर्यंत जातो. धनिकाजवळ या साऱ्यासाठी सल्लागारांची फौज असते. खोली विकणाऱ्याला नोटीस आल्यावरच कायद्याची ओळख होते.

तेव्हा चळवळीपुढे दोन कामे आहेत. पहिले काम मागण्यांचे. आयुष्यात एकदा, एकमेव लहान घर विकणाऱ्याला पुन्हा घर घेण्याची अट न घालता ठराविक रकमेपर्यंतचा नफा करमुक्त मिळाला पाहिजे. दहा कोटींची मर्यादा बरीच खाली आली पाहिजे आणि त्यातून मिळणारा महसूल सार्वजनिक घरबांधणीकडे वळला पाहिजे. लहान घरांसाठी महागाईची वजावट परत आली पाहिजे, मग घर कोणत्याही तारखेला घेतलेले असो. पागडीच्या भाडेकरूला १ एप्रिल २००१ चे मूल्य धरण्याची मुभा मालकाइतकीच मिळाली पाहिजे. आणि वारसा तसेच संपत्ती यांवरील कर पुन्हा आणण्याची मागणी संकोच न करता मांडली पाहिजे. ती मांडल्याखेरीज लहान घरासाठी सूट मागणे अर्धवट ठरेल, कारण समाजाचा हिस्सा कोणाकडून तरी वसूल झालाच पाहिजे आणि तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडूनच व्हावयास हवा.

दुसरे काम वस्तीतले आहे. रेशनकार्डासाठी, शाळेतील प्रवेशासाठी, इस्पितळातील खाटेसाठी कार्यकर्ता लोकांबरोबर उभा राहतो. खोलीच्या व्यवहाराच्या वेळी मात्र तो साक्षीदार म्हणून सही करतो आणि बाजूला होतो. ज्या शाखेला एखादा सहानुभूतिदार हिशेबनीस वा वकील लाभला आहे, तिने विवरणपत्राच्या हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. जुन्या भाडेपावत्या, दुरुस्तीचे खर्च, पागडीच्या देवघेवीची पत्रे जपून ठेवावयास लोकांना सांगावे. व्यवहार ठरण्यापूर्वीच कर किती पडेल, हे विकणाऱ्याला कळले पाहिजे. दलालाच्या तोंडून ते कळू लागले की रोखीचा प्रस्ताव त्याच्या पाठोपाठ येतो.

आणि जो कार्यकर्ता स्वतः घर विकेल, त्याने आपला हिशेब पूर्ण लिहावा. काळ्या पैशाविरुद्ध सभेत बोलणाऱ्याने स्वतःच्या व्यवहारात रोखीची थैली घेतली, तर वस्तीतील पोरालाही ते कळते आणि पुढच्या सभेला तो येत नाही. अन्याय्य कायदा बदलण्याचा अधिकार सांगताना आपला कागद स्वच्छ असावा लागतो. गिरणगावातील माणसाने या शहराला आपले श्रम दिले, गिरणी गेल्यावर खोलीही दिली. त्याच्या शेवटच्या हिशेबात त्याला न्याय मिळावा, यासाठी त्याच्या शेजारी बसून तो तक्ता भरणे, हेही समाजवादाचेच काम आहे.